एकशे चौऱ्याऐंशी खाचा

"माझ्या खाचा कुठं गेल्या?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा टकाटकनं एका कानातलं इअरफोनचं बटण काढलं आणि खुर्ची अर्धी वळवली. पूर्ण वळवण्याएवढं काही घडलंय असं त्याला वाटलं नसावं.

"काय म्हणालात ताई?"

"खाचा. भिंतीतल्या. काल पाच वाजता मी फाइल बंद केली तेव्हा एकशे चौऱ्याऐंशी होत्या. आता एक नाही. सगळ्या भिंती नुकती दाढी केल्यासारख्या गुळगुळीत."

"अच्छा, त्या! त्या मीच साफ केल्या." त्यानं हसून दोन्ही हात पसरले. "टकाटक! रिपोर्ट बघितला नाही का? टक्करी शून्य. काल संध्याकाळी साहेबांनी मला अंगठा पाठवला. तुम्ही चहा पाजायचं सोडून उलटतपासणी घेताय?"

ताईनं त्याच्या स्क्रीनकडं पाहिलं. वर हिरव्या चौकटीत मोठं शून्य होतं. तिच्या सात आठवड्यांच्या कामाचं एवढंच शिल्लक राहिलं होतं.

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणायचे, वयानं मोठा असलेला लेखनिकसुद्धा. अठ्ठेचाळीस वर्षांची. त्यातली बावीस ह्याच ऑफिसात, आधी लाकडी बोर्डावर वाकून शाईनं नकाशे काढण्यात आणि मग, चाळिशीत, डोळे फोडून शिकलेल्या प्रोग्रामवर इमारती उभ्या करण्यात. टकाटक तिशीतला, आठ महिन्यांपूर्वी मॉडेलप्रमुख म्हणून आलेला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टकाटक म्हणायचा म्हणून पोरापोरींनी ते नाव ठेवलं होतं. त्याला ते कौतुक वाटायचं.

काम होतं एका जुन्या दगडी गोदामाचं. आत दोन नवे मजले घालून नर्सेससाठी वसतिगृह करायचं. ऐंशी खाटा. जुन्या भिंती दोन फूट जाडीच्या, ठणठणीत. त्यांच्या मधोमध नवा काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. आता स्लॅब काही हवेत राहत नाही. त्याला भिंतीत शिरून बसावं लागतं. त्यासाठी दर साडेतीन फुटांवर भिंतीत एक खाच पाडायची, आणि त्या खाचेत स्लॅबच्या कडेचा एक दात जाऊन बसतो. दात खाचेत, खाच दगडात. एवढ्यावर ऐंशी बायका झोपणार.

हे काम ऑफिसात कुणाला नको होतं. दर्शनी काच, जिना, गच्चीवरची बाग असली छान छान कामं पोरांनी आधीच उचलली होती. खाचा ताईकडं आल्या. ताई प्रत्येक सोमवारी साइटवर गेली. मिस्त्री हातोडीनं भिंत वाजवायचा, ती कान लावायची. खणखणीत वाजली की खाच इथं. बद्द वाजली की आत पोकळी, तर खाच फूटभर बाजूला. सगळं एका निळ्या वहीत. मग ऑफिसात येऊन मॉडेलमध्ये एकेक खाच हातानं. प्रोग्रामला फक्त एवढंच सांगावं लागतं, की भिंत आणि जमीन भेटली की कोणी कोणाला कापायचं. ताईनं एकशे चौऱ्याऐंशी वेळा सांगितलं होतं: इथं जमीन भिंतीला कापेल.

पण जुनी भिंत ती. कुठं पोट सुटलेलं, कुठं खपली उडालेली. खाचेत दात अर्ध्या इंचानं जरी दगडाला घासला, तरी प्रोग्राम ओरडायचा: टक्कर. काँक्रीट ओलं असताना दगडाला चिकटणारच, चिकटलंच पाहिजे, हे प्रोग्रामला काय ठाऊक? तो ओरडायचा आणि ताई त्याला ओरडू द्यायची.

"काय दाबलंस तू?" तिनं विचारलं. अहोजाहो संपलं होतं.

"एकच नियम बदलला. भिंत पहिली, जमीन दुसरी. सगळीकडं भिंत जमिनीला कापणार. एक क्लिक."

"म्हणजे दात कापले गेले. जमीन भिंतीच्या तोंडाशी येऊन थांबली."

"हो, स्वच्छ! बघा ना, कुठंही टक्कर नाही."

"टक्कर होईल कशी रे? शिवतच नाहीत एकमेकांना!"

ऑफिसातली टकटक थांबली. टकाटकनं दुसऱ्या कानातलं बटणही काढलं.

"ताई, आवाज कमी. मॉडेल आता कुलूपबंद आहे. एक वाजता मालकांची मीटिंग. जे काही असेल ते पुढच्या आवृत्तीत."

ताई काचेच्या केबिनकडं निघाली. टकाटक लॅपटॉप छातीशी धरून मागं.

साहेब टाय बांधत होते. ह्या माणसानं दोन बोर्डांवर ऑफिस सुरू केलं तेव्हा एका बोर्डावर तो होता, दुसऱ्यावर ताई. गिऱ्हाइकाला तो अभिमानानं सांगायचा, आमच्या ताईचा कागद आला की पुन्हा मोजायचं काम नाही. मग ऑफिस वाढलं. साहेबांच्या केबिनला काच आली आणि साहेबांना बाहेरचं कमी दिसू लागलं.

"साहेब, स्लॅब अधांतरी आहे."

"कागदावर, ताई."

"कागदावर आहे तेच तिथं होतं ना? नाहीतर आपण इथं बसून काय चित्रकलेच्या वहीत रंग भरतोय?"

"अहो, हिशेबाच्या इंजिनिअरचा कागद वेगळा आहे की. त्यानं दाखवलं असेल."

"वाचलाय मी तो. त्यावर लिहिलंय, 'खाचांच्या जागा मॉडेलप्रमाणे.' तो म्हणतो मॉडेलमध्ये बघा. मॉडेलमध्ये बघितलं तर शून्य. आता मिस्त्रीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

साहेबांनी टायची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "पुढच्या आवृत्तीत घेऊ. पंधरा दिवसांत."

"मिस्त्री आवृत्ती ओतत नाही साहेब, काँक्रीट ओततो. स्लॅबचा पहिला खण उद्या सकाळी ओतायचाय."

"मिस्त्री जुना माणूस आहे. स्लॅब भिंतीत घालायचा हे काय त्याला सांगायला लागतं?"

"म्हणजे शिक्का तुमचा, शून्य ह्याचं, आणि अक्कल मिस्त्रीची! आणि उद्या टेके काढताना स्लॅब खाली आला तर? खाली कोण असेल? हा? तुम्ही?"

"ताई, मर्यादा," साहेब म्हणाले. "आज मालकांसमोर मला शून्य दाखवायचंय. एकशे चौऱ्याऐंशी टक्करी घेऊन मी आत जाऊ शकत नाही. समजून घ्या."

तेव्हा ताईनं तिच्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार काढलं. निदान तिला तसं वाटलं होतं.

"मग माझं नाव काढा. अडतीस कागदांवर 'केलं' च्या चौकटीत माझं नाव आहे. हे मी केलेलं नाही. नाव काढा."

बावीस वर्षांत हे ती पहिल्यांदा म्हणत होती. वाटलं, साहेब दचकतील. खुर्चीत बसतील, म्हणतील, थांबा ताई, एवढं काय, दाखवा बघू. साहेबांनी टकाटककडं पाहिलं. टकाटकनं लॅपटॉप टेबलाच्या कडेवर टेकवला आणि तीनदा बोट आपटलं.

"एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं," तो म्हणाला. "झालं. अडतीसच्या अडतीस. टकाटक."

चौकट रिकामी होती. नुसती रिकामीही नाही, तिथं कधी काही होतं असंही वाटत नव्हतं. बोर्डाच्या दिवसांत एक अक्षर पुसायचं तर अर्धं ब्लेड घेऊन शाई खरवडावी लागायची, श्वास रोखून. कितीही जपलं तरी कागदावर वण राहायचा. कुणीही बोट फिरवून सांगायचा, इथं काहीतरी होतं. आता वणसुद्धा नाही. खाचा गेल्या तसंच नाव गेलं, त्याच बोटानं.

ताईला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच राहिली. तिनं टेबलावर येऊन मिस्त्रीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. काँक्रीटच्या यंत्राशेजारी असेल तर कसला ऐकू येतोय. मग तिनं ड्रॉवरमधून निळी वही काढली, लाल पेन्सिल, टेप, खडूची डबी. पर्स खांद्याला लावली.

"ताई, अर्धी सुट्टी टाकताय का?" लेखनिकानं विचारलं.

"टाका काय टाकायचं ते."

बसमध्ये चाळीस मिनिटं ती मनातल्या मनात भांडत होती. जे सुचायला हवं होतं ते सगळं आता सुचत होतं, जिना उतरल्यावर.

तिचे बाबा गवंडी. आयुष्यभर छिन्नी-हातोडा. आता त्यांच्या बोटांत जीव नाही. छिन्नीच्या दणक्यांनी सगळ्या शिरा मारून टाकल्यात. चहाचा कप गरम की गार हे ओठाला लावूनच कळतं. सकाळी ऑफिसला निघण्याआधी ताई त्यांच्या सदऱ्याची बटणं लावते, तेव्हा ते रोज ठरलेली थट्टा करतात: "आज किती पाडणार? भिंतीला हात न लावता खाचा पाडते माझी पोर. धूळ नाही, घाम नाही. भाग्य लागतं."

ती दहा वर्षांची असताना त्यांनीच तिला एका अर्धवट भिंतीजवळ नेऊन खाचेत हात घालायला लावला होता. तिचा हात मनगटाच्याही पुढं गेला. बाबा हसले. म्हणाले, "तुझा नाही, मोठ्या माणसाचा. मोठ्या माणसाचा हात मनगटापर्यंत आत गेला पाहिजे. बोटं बुडाली म्हणून भागत नाही. मनगटापर्यंत गेला की स्लॅब बसला. मग त्याच्याखाली निवांत झोप."

वहीत खोली तिनं इंचांत लिहिली होती. पण प्रत्येक आकड्यामागं तो हात होता.

साइटवर यंत्र बंद होतं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. ताई आत शिरली आणि जागीच उभी राहिली.

पहिल्या खणाची तयारी पूर्ण झाली होती. खाली टेके, टेक्यांवर फळ्या, फळ्यांवर सळ्यांची जाळी. आणि प्रत्येक सळी भिंतीपाशी येऊन, दगडाला नुसता दम देऊन थांबली होती. भिंत अखंड. एक छिन्नीचा ओरखडा नाही.

"ताई! आज सोमवार नाही, आज कशा?" मिस्त्री गमछ्यानं मान पुसत आला. साठीचा, बुटका, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाईल असा.

"हे काय केलंत मिस्त्री?"

"काय केलं?"

"सळ्या इथंच का कापल्या? खाचा कुठायत?"

मिस्त्रीनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. ह्याच कागदासाठी छिन्न्या थांबल्या होत्या, काल संध्याकाळी सात वाजता तो मेलवर आला होता. दुकानातून त्यानं छापून आणला होता. टकाटकनं शून्य झाल्या झाल्या पाठवून दिला होता, शाबासकीच्या भरात, कुणाला न विचारता.

"तुम्हीच तर पाठवलं," मिस्त्री म्हणाला.

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही? सात सोमवार आपण भिंत वाजवत फिरलो. खाचा नाहीत हे दिसलं नाही?"

"दिसलं की! आंधळा आहे का मी?" आता मिस्त्रीचा आवाज चढला. "दिसलं म्हणूनच नाव बघितलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर कागद फेकून फोन केला असता. म्हटलं, ताईंनी काढलंय म्हणजे विचार केला असणार. बाजूनं लोखंडी काहीतरी येणार असेल, काहीतरी नवीन असेल. तुमच्या कागदावर मी कधी उलट विचारलंय?"

त्याच्या जाड बोटाखाली 'केलं' ची चौकट होती. कालच्या कागदावर नाव अजून होतं.

ताई वाळूच्या ढिगावर बसली. सकाळपासून ती साहेबांवर, टकाटकवर, त्या हिरव्या शून्यावर जळत होती. आता तीच आग फिरून तिच्याकडं आली. ऑफिसात ज्या नावाची किंमत तीनदा बोट आपटण्याएवढी होती, त्या नावावर हा माणूस उद्या सकाळी काँक्रीट ओतणार होता. आणि ती काय करून आली होती? नाव काढा म्हणून आली होती. आपण सुटलो म्हणजे झालं, असं.

"मिस्त्री," ती उठली, "आपण आज खाचा पाडायच्या. ह्या खणातल्या तेवीस."

"आणि सळ्या? चाळीस सळ्या कापल्यात मी!"

"दुसऱ्या कापा. ह्या आखूड खणाला वापरा."

"उद्याचं काँक्रीट?"

"परवा."

"साहेब?"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. शून्य दाखवतायत."

मिस्त्रीला काही कळलं नाही, पण पुरेसं कळलं. त्यानं माणसांकडं वळून दोन शिव्या हासडल्या, त्यातली एकही त्यांच्यासाठी नव्हती. मग परत वळला.

"ताई, एक बोलू? रागावू नका. तोंडी चालणार नाही. उद्या कुणी उभं राहिलं इथं, की कुणाला विचारून भिंत फोडली, तर मी काय दाखवू? तुम्ही जाल ऑफिसात. मी इथं असतो."

बरोबर होतं. एवढं बरोबर दिवसभरात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

तिनं कागद एका फळीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. निळी वही उघडली. लाल पेन्सिलनं एकेक दात, एकेक खाच. हात बोर्डाच्या दिवसांसारखा चालत होता, पट्टी न घेता सरळ. सातवी खाच फूटभर डावीकडं, आत पोकळी. अकरावी दोन इंच वर, जुनी चौकट आहे. बाजूला खोली. तेविसावी झाल्यावर ती 'केलं' च्या चौकटीशी आली. तिथं तिच्या नावाची छापील दोन आद्याक्षरं होती. त्यांच्यावर तिनं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, तारीख, वेळ. मग शेजारच्या 'तपासलं' च्या चौकटीतली साहेबांची अक्षरं एका रेघेनं खोडली आणि तिथंही स्वतःची सही केली.

मिस्त्रीनं ते पाहिलं. कागद घडी न घालता, सुरळी करून, शर्टाच्या आत ठेवला.

ती खडू घेऊन भिंतीवर खुणा करत पुढं, मागून छिन्न्या. दगड तापल्यासारखा वास सुटला. चारच्या सुमारास साहेबांचा फोन आला.

"ताई, मीटिंग उत्तम झाली. तुम्ही कुठं आहात? कसला आवाज आहे हा?"

"खाचांचा."

"साइटवर कोणता कागद चालू आहे?"

"माझा."

"तो रद्द आहे ताई. तुमचं नाव आता कुठल्याच कागदावर नाही."

"ह्या एका कागदावर आहे. तुम्हाला थांबवायचं असेल तर इथं या. मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा, खाचा नकोत म्हणून. तसं लिहून द्या आणि सही करा. मी खडू खाली ठेवते."

साहेब आले नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. लिहून तर मुळीच दिलं नसतं.

"ताई," ते म्हणाले. आवाज हळू होता, जुन्या दिवसांतला असावा तसा, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. "उद्या ऑफिसला यायची घाई करू नका. थोडे दिवस घरी थांबा. मी कळवतो."

"बरं," ताई म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला.

प्रत्येक खाच झाली की ती हात घालायची. कोरडा, खरबरीत दगड, आत बाहेरच्यापेक्षा गार. बोटं, तळवा, मनगट. कुठं तळव्यावरच अडला तर ती नुसती मान हलवायची, आणि मिस्त्री ओरडायचा, "हिला अजून!" सोळाव्या खाचेला तो स्वतः छिन्नी घेऊन बसला. तेविसावी झाली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती.

जाताना तिनं निळी वही त्याच्या हातात दिली.

"ही कशाला? सोमवारी तुम्ही येणार ना?"

"उरलेल्या एकशे एकसष्ट ह्यात आहेत. अक्षर लागत नसेल तर फोन करा. उचलत जा पण फोन."

मिस्त्रीनं वही दोन्ही हातांत धरली. "ताई, सोमवारी येणार ना?" त्यानं पुन्हा विचारलं. तोपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती.

घरी आली तेव्हा बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. सकाळी तिनं लावलेलं गळ्यापाशीचं बटण सुटलं होतं, ते त्यांना परत लावता आलं नव्हतं. ती वाकून लावू लागली.

"उशीर? उद्या पण लवकर जायचंय का?"

"नाही. उद्या घाई नाही."

बाबांचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. उजवा हात. बोटं पांढरी, तळवा पांढरा, आणि मनगटाशी धुळीची रेघ, बांगडी घातल्यासारखी गोल. त्यांनी तिचा हात आपल्या बधिर बोटांत घेतला, उजेडाकडं वळवला. बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

ताईनं हात सोडवून घेतला नाही.